पडद्याचं हँडल

३ मे २०२५

नूतन,

मी माझ्या हातांनी केलेल्या वस्तू आधी लिहितो. पंधरा किलोच्या तेलाच्या डब्यांचे सोळा दिवे. मागे आरसा नाही, स्टीलची ताटली, कारण आरशाचा उजेड तोंडावर कापल्यासारखा पडतो आणि ताटलीचा मऊ. उजेड कमीजास्त करायला मिठाच्या पाण्याच्या चार बरण्या. त्यातली एक तुझ्या आईची कैरीच्या लोणच्याची, ती अजून मागते. गडगडाटाचा पत्रा. वाऱ्याचा पिंप, त्यावर ताडपत्री ताणलेली, फिरवला की डोंगरावरून उतरणारा वारा. मागच्या भिंतीला जिनिंगमधल्या टाकाऊ कापसाच्या गाद्या, आवाज घुमू नये म्हणून. मेकपच्या खोलीतली फळी, बायकांच्या उंचीची, कारण आधीची पुरुषांच्या उंचीची होती आणि इतकी वर्षं कोणाला ते खटकलं नव्हतं. आणि पडदा वर घेणारा रहाट: कडबाकुट्टीचं चाक, दोन सायकलींच्या चेन, आणि एक लोखंडी हँडल, जे काम झालं की काढून ठेवता येतं.

यातलं काही मला कोणी शिकवलं नाही. नववी नापास माणूस कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी पुसायला लागला, पुसता पुसता जे दिसलं ते त्याने कॉलेजच्या कलाकेंद्रात नेऊन लावलं. कलाकेंद्र हे पाटीवरचं नाव. गाव त्याला नाटकघर म्हणतं, आणि गावाचंच बरोबर आहे.

संस्थेच्या ठरावात वरच्या सगळ्या यादीला 'निरुपयोगी साहित्य' म्हटलं आहे. नाटकघर भूपेंद्रला भाड्याने द्यायचं ठरलंय. तोच, मांडववाल्याचा मुलगा, ज्याचं हायवेला नरडाण्याच्या अलीकडे लॉन आहे. दिवाळीच्या आधी ताबा. मग तिथे लग्नं लागतील.

बुधवारी आखाजीचा सण झाला. तुझ्या आईने दारच्या कडुनिंबाला झोका बांधला. चार आखाज्या ती बांधते आणि चार आखाज्या त्यावर गल्लीतल्या दुसऱ्यांच्या माहेरवाशिणी बसतात. मी ओट्यावर बसून पाहिलं. दोराची एक गाठ चुकली होती, ती उठून नीट केली, एवढंच.

माझा फोन तू उचलत नाहीस. आईचा उचलतेस. ती स्वयंपाकघरात जाऊन हळू बोलते आणि कुकरची शिट्टी झाली की मोठ्याने, तेव्हा मला सगळं ऐकू येतं, तरी मी ऐकत नाही असं आम्ही दोघं धरून चालतो. पत्र फाडायचं झालं तरी माणूस एकदा वाचतो, म्हणून लिहितोय.

ताबा देण्याआधी शेवटचा एक कार्यक्रम होणार आहे. तू यावंस. यायचं आणि त्या रंगमंचावर उभं राहायचं. दुसरं काही मागणं नाही.

तुझे नाना


१९ जून

नूतन,

उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं.

काल प्रेमराज सर आणि मी संस्थेच्या अध्यक्षसाहेबांकडे गेलो. सर आता रिटायर आहेत, गुडघे दुखतात, तरी आले. तुला नाटकातलं पहिलं वाक्य ज्यांनी बोलायला शिकवलं तो माणूस बंगल्याच्या चार पायऱ्या माझ्या खांद्याला धरून चढला.

अध्यक्षसाहेब वाईट बोलले नाहीत. चहा दिला. म्हणाले, "भटूभाऊ, यंदा नाटकाला किती पोरं होती?"

मी चहा बशीत ओतला.

"सात. त्यातल्या दोघांना हजेरीसाठी धरून आणलेलं. आणि लग्नाला हॉल मिळेल का विचारायला किती माणसं आली? गावात एक धड कार्यालय नाही. पोरीच्या बापाला धुळ्याला जावं लागतं. त्याने काय करायचं, सांगा बरं?"

सर म्हणाले, "साहेब, लग्नाला मांडव कुठेही पडतो. नाटकघर पुन्हा होणार नाही."

"सर, तुमचं पटतं. पण आगीचा दाखला मिळत नाही त्याचं काय? तपासणीवाल्याने विचारलं, वायरिंग कोणी केली? मी काय सांगू?"

"मी केली, सांगा," मी म्हणालो.

"लायसन?"

"पंचवीस वर्षांत एक ठिणगी उडाली नाही."

"एकदा उडाली होती, भटूभाऊ," सर खाली पाहात म्हणाले. "तेरसिंगला झटका बसला होता. मिठाच्या बरणीचा."

तेरसिंग पावरा. पावरी वाजवणारा. खरं आहे, बसला होता. ओल्या पायांनी आला होता आणि मी तीनदा सांगितलं होतं. पण सरांनी ते तिथे बोलायला नको होतं. परत येताना मी त्यांना खांदा दिला, बोललो मात्र नाही.

साहेबांना मी जे सांगायला गेलो होतो ते राहूनच गेलं. तुला सांगतो. तुला ठाऊक आहे, तरी लिहिल्याशिवाय मला नीट दिसत नाही.

नाटकघर नवं होतं तेव्हा गावातली एकही बाई तिथे पाय ठेवत नव्हती. मागच्या भिंतीला भिंत लागून लोटनचं घर, तो तर रस्त्यात उभा राहून म्हणायचा, "नाचनारास्नं घर!" पहिल्याच वर्षी आमची ढोलकी चालू असताना मागच्या गल्लीत एक बाळंतीण गेली. आम्हाला पत्ता नाही. थोड्या वेळाने दारात दहाबारा बाया येऊन उभ्या राहिल्या. बोलल्या काही नाहीत. फक्त उभ्या. ढोलकीवाल्या झुलालचा हात आपोआप थांबला.

त्या दिवशी मी नियम केला. गावात मयत झाली की अग्निडाग दिल्याशिवाय नाटकघराचा पडदा वर जायचा नाही. कोणाचीही मयत असो. प्राचार्यांना विचारलं नाही, फळ्यावर लिहिलं नाही. हँडल काढायचं, खिशात टाकायचं आणि त्या दारावर जाऊन बसायचं. गाव बघत होतं. पुढच्या महिन्यात वच्छलाबाई पहिल्यांदा नाटकाला आली, तिच्यामागे तिची गल्ली आली. मग कानबाईची गाणी बसवायला बाया तिथे यायला लागल्या, तेरसिंगची माणसं डोंगरातून ढोल घेऊन उतरायला लागली, आणि एका बाकावर कोण कोणाशेजारी बसलं हे पाहणं लोकांनी सोडलं. डब्यांच्या दिव्यांनी हे झालं नाही, हे मला कळतं. त्या हँडलने झालं.

वच्छलाबाई अजून येते. सरकारी दवाखान्यात झाडू मारत होती, आता डोळ्यांनी कमी दिसतं. पहिल्या रांगेत कोपऱ्याची खुर्ची, ओच्यात भाजलेल्या शेंगा. दारात मला दर वेळी विचारणार, "भटूभाऊ, आज काय शे? रडानं शे का हासानं?" रडायचं म्हटलं की खूश. "मंग बरं. घर रडाले टाइम नही भेटस."

तुझी ती आठवण काढते. मी सांगितलं, पोर पुण्याला आहे, मोठ्या कामाला आहे.

नाना


५ ऑगस्ट

नूतन,

कानबाई बसली आणि उठली. विसर्जनाला बायांनी नाटकघरापुढे थांबून फुगडी घातली, दर वर्षी घालतात तशी. पुढच्या वर्षी तिथे भूपेंद्रची कमान असेल.

कार्यक्रमाची तारीख ठरली. १२ ऑक्टोबर, रविवार, सकाळी अकरा. संध्याकाळी भूपेंद्रला किल्ल्या. वहीगायनवाले येतील, तेरसिंगची पार्टी येईल, सर जुन्या पोरांना फोन करताहेत. मध्ये एक जागा मी रिकामी ठेवली आहे. सर म्हणाले, "कोण आहे तिथे?" म्हटलं, "एकपात्री आहे." त्यांनी यादीत तेवढंच लिहून घेतलं.

तुझी आई म्हणते मी पत्रात मूळ गोष्ट लिहीत नाही. तिला वाटतं मी टाळतो. मी काही टाळत नाही. घे, लिहितो.

चार वर्षांपूर्वी त्या दिवशी परीक्षक सकाळी येणार होते. कॉलेजा-कॉलेजांत फिरून ते एकांकिका पाहात होते, आणि दुपारी तीनला त्यांना पुढच्या गावी जायचं होतं. पुढच्या फेरीला तुझी निवड होणार हे सगळे धरून होते. मीही. तुझ्यासाठी मी सहाव्या डब्याला पिवळा कागद लावला होता, चुलीचा उजेड यावा म्हणून. दिवस उगवायला लोटन गेला. मुलगा सुरतेला लूमवर. तो आल्याशिवाय उचलणार नाहीत, आणि गाडी उशिरा.

तुझ्या एकांकिकेतली बाई सुरतेला गेलेल्या नवऱ्याची वाट पाहाते. भिंतीपलीकडे प्रेत सुरतेहून येणाऱ्या पोराची वाट पाहात होतं. हे मी तेव्हा बोललो असतो तर तू मला मारलं असतंस.

सर म्हणाले, आवाज बारीक ठेवू. परीक्षकांपैकी एक बाई म्हणाल्या, आम्ही समजू शकतो, पण वेळ नाही. तू रंगवलेल्या तोंडाने मागच्या दारात आलीस. "नाना, लोटनकाका आपल्याला शिव्या द्यायचे. आयुष्यभर."

"म्हणून काय झालं?"

"ते परत येणार नाहीत. परीक्षक परत जातील."

"अग्निडाग झाला की उघडतो."

"हँडल द्या."

तू हात पुढे केला होतास. तळव्यावर काजळाचा डाग होता. मी हँडल खिशात टाकलं आणि लोटनच्या दारावर जाऊन बसलो. मुलगा साडेचारला आला.

आता तू सांग, यात चुकलं कुठे? लोटन शिव्या देत होता म्हणून त्याच्या मयतीला पडदा वर गेला असता, तर वच्छलाबाईला काय वाटलं असतं? की हा नियम आवडत्या माणसांपुरता आहे? नियम एकदाच मोडायचा असेल तर करायचाच कशाला? मी हे सगळ्या बाजूंनी तपासलं आहे. रहाट तपासतो तसं. सांधा कुठेच सुटलेला नाही.

तुझ्या आईला हे वाचून दाखवलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "बठ्ठं बरोबर शे. तुमले आंडेरपेक्षा पडदा प्यारा शे, येवढंच लिखानं ऱ्हायनं."

सगळं बरोबर, पण पोरीपेक्षा पडदा प्यारा, हे तिचं म्हणणं आहे. तिचं म्हणून लिहिलं.

नाना


२९ सप्टेंबर

नूतन,

काल आईच्या कुकरला शिट्टी झाली नाही, तरी ती मोठ्याने बोलली. फोन ठेवून बाहेर आली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "येनार शे ती. कार्यक्रमना आइतवारले."

मी म्हटलं, "कोण?"

"कोन म्हने! आते येडा बना. आनि आयका, ती उनी म्हणजे हँडलनी गोट करू नका."

हँडलची गोष्ट मी कशाला काढू?

आज सकाळपासून नाटकघरात होतो. सोळाही डबे उतरवले, आतली काजळी काढली, ताटल्या चिंचेने घासल्या. तिसऱ्या डब्यात चिमणीचं घरटं होतं, रिकामं. बरण्यांतलं पाणी बदललं. चेनला तेल दिलं. पडदा चार वेळा वर-खाली केला. मध्ये एक कुरकुर होती, ती चाकाची नसून वरच्या कप्पीची निघाली, शिडी लावून तीही काढली. भूपेंद्र मोजमाप घ्यायला आला होता. त्याचा माणूस टेप धरून उभा आणि हा माझ्याकडे बघतोय.

"भाऊ, पंधरा दिवसांनी तर हे सगळं काढायचंय. कशाला मरताय?"

"पंधरा दिवसांनी काढायचंय ना? आज तर आहे."

"तुमच्यासारखा माणूस पाहिला नाही बुवा," म्हणाला. हसत होता, पण चिडवत नव्हता. पोरगा वाईट नाही. त्याच्या बापाच्या मांडवाच्या काठ्या मी वाहिल्या आहेत.

सहाव्या डब्याचा पिवळा कागद उडाला आहे. नवा आणला. पण तू आता तेच करणार की दुसरं? दुसरं असेल तर रंग कळव. निळा हवा असेल तर तो धुळ्याहून आणावा लागेल. आईला सांगितलंस तरी चालेल. उभं कुठे राहणार तेही. मध्यापासून डावीकडे दोन फळ्या सोडून उभी राहिलीस तर सावली मागच्या पडद्यावर पडत नाही. तुला आठवत असेल.

गाडी नरडाण्याला सकाळी येते. मी स्टेशनावर येत नाही, इथे काम आहे. आईला पाठवतो. की तू सरळ इथेच येशील?

नाना


१४ ऑक्टोबर

नूतन,

तू पुण्याला पोचलीस, आईने सांगितलं.

रविवारचं मी माझ्या बाजूने लिहून ठेवतो. तू तिथे होतीस, पण आपण दोघं एका जागी नव्हतो.

सकाळी कप्पीला शेवटचं तेल देत होतो. वच्छलाबाईचा नातू भिकन दारात आला. म्हणाला, "आजी गयी." एवढंच. त्याच्या हातात शेंगांची पिशवी होती. रात्री तिने कार्यक्रमासाठी भाजून ठेवलेल्या. ती त्याने माझ्या हातात दिली.

खरं तेच लिहितो. मी विचार केला नाही. शिडीवरून उतरलो, हँडल काढलं, खिशात टाकलं आणि चालायला लागलो. वच्छलाबाईच्या दारावर जाऊन बसलो, शेजारच्याने तंबाखू पुढे केली, मी नको म्हणायला हात हलवला आणि तो हात खिशावर आपटला. तेव्हा मला आठवलं की तू गाडीत आहेस.

तिचे दोन्ही मुलगे सुरतेला. तेच लूम, तीच गाडी.

सर काठी टेकत आले. "भटूभाऊ, या वेळेला तरी." मी मान हलवली. कुठल्या बाजूला हलवली ते त्यांनाच विचार. तेरसिंगची जीप आली. त्याला कोणी सांगायची गरज पडली नाही. त्याने ढोल नाटकघराच्या पायरीवर पालथे ठेवले आणि त्याच्या पार्टीतली चमेलीबाई सरळ बायांमध्ये जाऊन बसली. अकरा वाजले, बारा वाजले. लोक नाटकघरात गेलेच नाहीत. येणारा प्रत्येक जण आधी इकडे वळत होता.

तू खांद्यावर बॅग घेऊन आलीस. केस कापलेस. मला वाटलं तू माझ्याकडे येशील, म्हणून मी उठलो. तू आत गेलीस, वच्छलाबाईच्या पायांशी बसलीस आणि मोठ्याने रडलीस. इतक्या मोठ्याने तिच्या सुनाही रडल्या नव्हत्या.

नंतर नळापाशी तू मला गाठलंस.

"नाना, हँडल खिशात आहे ना?"

"आहे."

"मी मागायला आले नाही. आजीच्या दारावर आलेय."

"हं."

"पण सांगा. मी मागितलं असतं, तर दिलं असतं?"

तेवढ्यात आतून हाक आली. मुलगे पोचले होते, तिरडीला माणूस कमी पडत होता. मी गेलो.

माणूस कमी पडत नव्हता. हाकही मला नव्हती. हे तू पाहिलं असशील.

पुढचं मला आईकडून कळलं. आम्ही पुरुष नदीकडे निघालो आणि मागे बाया राहिल्या. तू त्यांना म्हणालीस, "आजी विचारायची, रडानं शे का हासानं. तिला दाखवायला मी पुण्याहून आणलं होतं. चला." आणि त्या आल्या. अंघोळी व्हायच्या होत्या म्हणून खुर्चीला कोणी शिवलं नाही. सगळ्या खाली फरशीवर बसल्या, चमेलीबाईसुद्धा. पडदा बंद. तू पडद्याच्या पुढच्या हातभर पट्टीवर उभी राहिलीस. बाजूची दोन्ही दारं उघडलीस, तेवढा उन्हाचा उजेड. आणि केलंस.

काय केलंस ते आई सांगत नाही. मी तीनदा विचारलं. "रडानं होतं का हासानं, तेवढं तरी सांग."

"तुम्ही नव्हतात," ती म्हणाली. "नव्हता तो मानूस इचारस कसाले?"

अग्निडाग तेव्हा दिला गेला होता की नव्हता, हे मी धरून बसलेलो नाही. नदीवर लाकडं ओली होती, उशीर झाला. धरून बसलेलो नाही.

मी अंघोळ करून पोचलो तेव्हा भूपेंद्रची माणसं खुर्च्यांवर खुर्च्या रचत होती. आता नियमाप्रमाणे पडदा उघडता येत होता. मी हँडल बसवलं. एक पोरगा म्हणाला, "काका, बाजूला व्हा, लागेल." दारं तशीच सताड उघडी होती. मध्यापासून डावीकडे दोन फळ्या, तिथे फरशीवरून आलेली धूळ आणि तुझ्या चपलांची खूण. सोळा डबे वर टांगलेले. घासून आरशासारखे केलेले. त्यातला एकही लागला नाही.

तुझी गाडी निघून गेली होती. घरी तू पाणीसुद्धा प्यायली नाहीस. शेंगा मी आईकडे दिल्या; तिने त्या भिकनकडे परत पाठवल्या.

नाना


२३ नोव्हेंबर

नूतन,

हे शेवटचं लिहितो. यानंतर तुला वाचायचा त्रास नाही.

चाक भंगारात गेलं. डबे तिथेच रचून ठेवले आहेत, भूपेंद्र म्हणतो त्यात झाडं लावू, छान दिसतील. हँडल माझ्याकडे आहे. ते आता कशालाच बसत नाही. झोक्याचा दोर आईने माळ्यावरून काढला आणि मोडक्या खाटेला गुंडाळला. मी म्हटलं, आखाजीला लागेल. ती म्हणाली, "कोनाले?"

गुरुवारी नाटकघरात पहिलं लग्न लागलं. मला पत्रिका होती, गेलो नाही. रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीवर बसलो. त्याच दिवशी झुलाल गेला. आमचा ढोलकीवाला झुलाल, ज्याचा हात पहिल्या वर्षी बायांना पाहून थांबला होता. त्याची तिरडी त्याच रस्त्याने आली. आत डीजे लागला होता, जमीन हलत होती, टपरीचे ग्लास एकमेकांवर वाजत होते. मी उठून उभा राहिलो. मला वाटलं, आता कोणीतरी आत जाईल. नाही तर दारात बाया उभ्या राहतील.

कोणी गेलं नाही. तिरडीबरोबरच्या माणसांनी त्या बाजूला पाहिलंही नाही. एकाने कानात बोट घातलं, बस. गाणं संपलं, दुसरं लागलं, आणि झुलाल वळणावरून गेला.

पंचवीस वर्षं मी समजत होतो की हा नियम गावाचा आहे आणि मी फक्त त्याचं हँडल सांभाळतो. तुझ्यासमोरही मी तेच म्हणालो. पण तो माझ्या खिशात होता, नूतन. खिशातून काढला तेव्हा कुठेच राहिला नाही.

काल भूपेंद्र घरी आला. खाली सतरंजीवर बसला, खुर्ची नको म्हणाला. "भाऊ, तुम्हाला मी बाहेर बसलेलं पाहिलं. बरं वाटलं नाही. त्या वास्तूचा तुमच्याइतका जाणकार नाही. माझ्याकडे या. नवी वायरिंग झाली, लायसनवाला माणूस आहे, तुम्ही फक्त त्याच्या डोक्यावर राहा."

आईने चहात साखर जास्त घातली होती. ती दारात उभी होती. कॉलेजातला माझा शेवटचा पगार आठ हजार दोनशे होता आणि आता तोही नाही, हे तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

मी म्हटलं, "एक अट आहे."

"बोला की."

"गल्लीत मयत असली, तर अग्निडागापर्यंत आवाज बंद."

तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण. म्हणाला, "भाऊ, तुम्हीच सांगा, मुहूर्त मयतीला विचारून लागतो का? नवरदेव दारात उभा आहे, पाचशे माणूस जेवायचंय, त्याला काय सांगू? थांब, सुरतेची गाडी लेट आहे?"

बरोबर बोलला. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच बोललो असतो. तुझ्या जागी तू तेच बोलली होतीस.

म्हणूनच नको म्हणालो. झुलालच्या तिरडीवर वाजणाऱ्या डीजेला मी दिवे लावायचे आणि महिन्याला पैसे मोजून घ्यायचे, तर त्या दिवशी तुझा हात मी रिकामा का ठेवला होता? मग लोटन उगाच, परीक्षक उगाच, तुझी चार वर्षं उगाच. ती उगाच होती असं मला ठरवता येत नाही. नव्हती असंही आता म्हणता येत नाही. एवढं एकच माझ्या हातात उरलं होतं, की त्यावर पैसे घ्यायचे नाहीत.

नळापाशी तू विचारलंस त्याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. शोधतो आहे, असं नुसतं लिहायला म्हणून लिहीत नाही.

भूपेंद्र गेल्यावर आईने कप उचलले, आत गेली, आणि आज सकाळपासून ती माझ्याशी बोललेली नाही. तिने तुला फोन केला असेलच, पण मी नाकारलेला आकडा चुकीचा सांगितला असेल, रागात ती वाढवून सांगते. म्हणून बरोबर तो लिहितो. दिव्यांची सगळी देखरेख, मागची मेकपची खोली बसायला, दिवाळीला एक पगार जास्त, आणि महिना चोवीस हजार रुपये.